सीमा बंद होते, चालणं थांबत नाही



आपल्या हिंगणघाटवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. २०२० च्या उन्हाळ्यात या मार्गाने पायी निघालेली माणसं आपण विसरलेलो नाही. डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू आणि पायाखाली तापलेलं डांबर.

२५ मार्चपासून टाळेबंदी लागली. २९ मार्चला केंद्र सरकारने राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्याचा आदेश दिला. कारण आरोग्याचंच होतं, रोग पसरू नये. ते खोटं नव्हतं. त्याच आदेशात मजुरांना निवारा आणि जेवण द्या, मजुरी कापू नका, महिनाभर भाडं मागू नका, असंही होतं. नाके उभे राहिले. मजुरी किती जणांच्या हाती पडली?

ज्याचं काम गेलं, खोली गेली, तो थांबणार कसा? सीमा बंद झाल्याने त्याचं चालणं थांबलं नाही, वाट तेवढी बदलली. नाका चुकवण्यासाठी तो रानातून, रुळांवरून निघाला. तिथे पाणी नाही, सावली नाही, पडला तर उचलायला कुणी नाही. ८ मे २०२० च्या पहाटे जालना-औरंगाबाद मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली गेले. पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

जगातही हेच घडतं. अमेरिकेने १९९४ पासून मेक्सिकोच्या सीमेवर शहरांजवळच्या वाटा आवळल्या. माणसं ॲरिझोनाच्या वाळवंटात वळली आणि उन्हातान्हात, पाण्यावाचून मेली.

म्हणून आम्ही म्हणतो, सीमेचं धोरण हा आरोग्याचाही प्रश्न आहे. तपासणी जरूर करा. पण जिथे नाका, तिथे पाणी, सावली, डॉक्टर आणि पुढे जायला गाडी हवी. संविधानाच्या कलम १९ ने देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. साथीत त्यावर बंधन येऊ शकतं, पण बंधन घालणाऱ्यावर त्या माणसाला जगवण्याची जबाबदारीही येते.

आणि थोडं आपल्याबद्दल. तेव्हा गावोगावी वेशीवर काट्या पडल्या, वस्त्यांच्या तोंडाला बांबू बांधले गेले. वेशीबाहेर ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाहेरून आलेल्या तहानलेल्या माणसाला लांबून का होईना, पाणी देणं हीच करुणा.

आपलीही पोरं पुण्याला, तेलंगणात कामाला जातात. त्यांच्यासाठी आजच एवढं करू या. विहारात एक वही ठेवा: कोण कुठे गेलं, ठेकेदार कोण, फोन कोणता. रेशनकार्डाला आधार जोडा, म्हणजे परराज्यातही धान्य मिळेल. आयुष्मान कार्ड सोबत द्या, ते देशभरातल्या योजनेच्या रुग्णालयांत चालतं. ई-श्रममध्ये नोंदणी करा. क्षयरोगाची औषधं चालू असतील, तर निघण्याआधी सरकारी दवाखान्यात सांगून उपचार तिकडे वर्ग करून घ्या. उन्हात कुणी बरळू लागला, अंग तापलं, तर सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पुढची टाळेबंदी सांगून येणार नाही. वही मात्र आधीच तयार असू शकते.