घडीच्या चाकूची पारख

घडीचा चाकू म्हटला की आपल्याकडील वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे हिंदी चित्रपटातील खलनायकाच्या हातचा रामपुरी उभा राहतो. त्यामुळे अमेरिकेत एखाद्या एकांड्या कारागिराने आपल्या लहानशा कारखान्यात घडविलेल्या अशाच जिनसेकरिता चांगली संसारी माणसे शेकडो, प्रसंगी हजारो डॉलर मोजतात आणि वर महिनोन्‌महिने वाटही पाहतात, हे ऐकून त्याला हसू आल्यास नवल नाही. त्या हसण्यात मी सामील होणार नाही. मात्र ही रक्कम बहुधा ज्या गुणांवर दृष्टी ठेवून खर्ची पडते, ते गुण दुय्यम आहेत, असे माझे मत आहे.

ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो पोलादाच्या नावाचा. कॅलिफोर्नियाचे बॉब लव्हलेस यांनी 1970 च्या दशकात 154सीएम हे पोलाद चाकूंत रूढ केले, आणि दक्षिण आफ्रिकेतून येऊन आयडाहोतील बॉइसी येथे स्थायिक झालेले क्रिस रीव्ह यांच्या सल्लामसलतीने क्रूसिबल कंपनीने 2001 च्या सुमारास एस30व्ही हे खास पात्यांसाठी योजिलेले पोलाद बाजारात आणले. तेव्हापासून अशा सांकेतिक नावांची यादी वाढतच गेली आहे. परंतु पोलाद कितीही कुलीन असले तरी त्याला पाणी नीट दिले गेले नसेल, तर धार एक तर दुमडते किंवा तिचे टवके उडतात, आणि नुसत्या डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. म्हणून पोलाद कोणते, यापेक्षा पाणी कोणी दिले आणि पात्याचा कठीणपणा मोजून पाहिला काय, हे विचारणे अधिक शहाणपणाचे. पाती स्वतः न तापवता त्यासाठी खास व्यावसायिक भट्ट्यांकडे पाठविणारे कारागीर पुष्कळ आहेत; त्यात कमीपणा काहीच नाही, कमीपणा असलाच तर तो ही गोष्ट लपविण्यात आहे.

खरे कौशल्य आहे ते सांध्यात. 1980 च्या दशकात मायकेल वॉकर यांनी ज्या रचनेला आजचे रूप दिले, त्या लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतील धातूची पातळ पट्टी पाते उघडताच स्प्रिंगसारखी आत सरकून त्याच्या बुडाशी अडते, आणि तीच पट्टी एक लहानशी गोळी खोबणीत बसवून मिटलेले पाते खिशात आपोआप उघडू देत नाही. रीव्ह यांनी पुढे मुठीच्या बाजूलाच या पट्टीचे काम दिले. रचना वाचावयास सोपी, पण जेथे पट्टी आणि बूड एकमेकांस भिडतात तेथील उतार किंचित चुकला तर दाब पडताच पट्टी निसटते आणि पाते बोटांवर मिटते. नव्या चाकूत ही पट्टी बुडाच्या अलीकडच्या भागातच थांबलेली असावी, म्हणजे पुढील झिजेला जागा उरते. पहिल्याच दिवशी ती पार पलीकडच्या कडेला जाऊन पोहोचली असेल, तर तो चाकू नि:संकोच परत करावा. उघडलेले पाते डावीउजवीकडे हलत असेल तर सांध्याचा स्क्रू आवळून बहुधा भागते. वरखाली हलत असेल तर दोष लॉकमध्ये आहे आणि तो कारागिरानेच दूर करावयाचा आहे. बॉल बेअरिंगवर भर्रकन उघडणाऱ्या पात्याचे आज फार कौतुक होते. मला मात्र कांस्याच्या साध्या वॉशरवर संथपणे, पण सर्वत्र सारख्या गतीने फिरणारे पाते अधिक विश्वासाचे वाटते; हा आवडीनिवडीचा भाग म्हणून कोणी सोडून दिला तरी माझी हरकत नाही.

शृंगाराविषयी थोडक्यात. बिल मोरान यांनी 1973 मध्ये दमास्कस पद्धतीची पाती प्रदर्शनात मांडल्यापासून लाटालाटांच्या नक्षीचे वेड अमेरिकेत पसरले. पण याच मोरान यांच्या पुढाकाराने 1976 मध्ये स्थापन झालेल्या लोहार-संस्थेची परीक्षा पाहावी. तेथे उमेदवाराला आपल्या पात्याने अधांतरी टांगलेला दोर एका घावात तोडावा लागतो, लाकूड छाटावे लागते, त्यानंतरही त्याच धारेने केस उतरवून दाखवावे लागतात, आणि अखेरीस ते पाते 90 अंश वाकवावे लागते. घडीच्या चाकूची अशी परीक्षा कोणी घेत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत नक्षीच्या आड पुष्कळ काही खपून जाते. मुठीला आपल्या सांबराचे शिंग विलायती चाकूवाले पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले. भारताने त्याची निर्यात बंद केली असल्याने आज कोणी नवे भारतीय साबरशिंग म्हणून देऊ करील, तर त्याच्या दस्तऐवजांची खातरजमा करावी. हस्तिदंताच्या वाटेला जाऊच नये.

अमेरिकेत असलेल्या आणि अशा खरेदीच्या विचारात असलेल्या मराठी वाचकांना एवढीच विनंती आहे, की विसार पाठविण्यापूर्वी कारागिराला पत्र लिहावे आणि पाणी कोणी दिले, कोणते भाग बाहेरून कापून आणले, दुरुस्तीची जबाबदारी किती मुदतीची आणि चाकू तयार होईपर्यंत रक्कम परत मिळण्याची मुभा आहे काय, हे विचारावे. उत्तरे सरळ आली तर त्याचा सर्वांत साधा, बिननक्षीचा नमुना मागवावा. टाळाटाळ झाली तर पैसे आपल्याच खिशात ठेवावेत.