पऱ्हाटीचा धागा, बाभळीचा डिंक आणि वर्गातली साखळी



विज्ञान शिकवताना आपण मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो: ही वस्तू कशाची बनली आहे? तिचे कण एकमेकांना कसे जोडलेत, हे मात्र सहसा विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हा दुसरा प्रश्न चौथी-पाचवीतच यायला हवा. 'बहुवारिक' हा शब्द दहावीच्या पुस्तकात येतो, तो तिथंच राहू द्या. आकार आधी कळू द्या.

आपल्या वर्धा जिल्ह्यात यासाठी काही विकत आणायची गरज नाही. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजचे हजारो कण एकापुढे एक, सरळ रांगेत. अशा लांब रांगा शेजारी-शेजारी घट्ट बसतात. म्हणून कापूस पाण्यात विरघळत नाही आणि पीळ दिला की सूत निघतं. आता आपल्या यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन बघा. कण तोच, ग्लुकोज. पण जोडणीचा कोन वेगळा, आणि साधारण 8 ते 12 कणांमागे एक फांदी फुटलेली. त्यामुळे टोकंच टोकं! खो-खोत धावताना साखर लागली की ती एकाच वेळी कितीतरी टोकांवरून सुटते. याचं सूत मात्र कोणी काढू शकणार नाही.

बाभळीचा डिंकही असाच, फांद्यांनी गच्च भरलेला. भरपूर डिंक पाण्यात घातला तरी पाणी वाहतं राहतं. गवारीच्या बियांपासून केलेली गवार पावडर चिमूटभर टाकली तरी पाणी दाट होतं, कारण तिचे रेणू लांबट असतात आणि एकमेकांत अडकतात. शिजलेल्या शेवया आणि शिजलेले वाटाणे पातेल्यातून ओतून बघा, फरक लगेच कळतो.

रसायनशास्त्रज्ञ असे फांद्यांचे रेणू मुद्दाम बनवतात. त्यांना अतिशाखित बहुवारिकं म्हणता येईल. ती कशी बनतात, हे मैदानावर दाखवता येतं. आधी साधी झुकझुक गाडी करा: प्रत्येकाने एक हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचा आणि एका मुलावर एकच हात. ही झाली कापसाची रांग. आता नियम बदला. हात एकच, पण प्रत्येकाचे दोन्ही खांदे मोकळे, म्हणजे एका मुलाला दोघं धरू शकतात. शिट्टी वाजवा आणि बाजूला व्हा.

झाड तयार होतं! वाकडंतिकडं, कुठं दोन फांद्या, कुठं एकच. 25 मुलं एकाच झाडात जोडली गेली तर 24 हात गुंततात, एक हात मोकळा राहतो आणि 50 पैकी 26 खांदे रिकामे उरतात. हे गणित मुलांकडूनच काढून घ्या. (पहिल्या मुलाने आपल्याच झाडातल्या कुणाला धरलं तर वर्तुळ होतं. खऱ्या भांड्यातही असं घडतं, तेव्हा रागावू नका.)

एक हात, दोन खांदे. या नियमाने फांद्या वाढतात, पण सगळं अडकून जाळं होत नाही, हे पॉल फ्लोरी यांनी 1952 मध्ये गणिताने मांडलं होतं. पुढे 1974 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काही मुलांना दोन्ही हात वापरू दिले तर काय होतं तेही करून बघा. जाळं होतं, कोणी हलू शकत नाही. कडक झालेलं एम-सील विरघळत नाही ते यामुळेच.

प्रत्येक मुलाला हाताला धरून, थरावर थर नीट रचलं तर सुबक सममित झाड होतं. त्याला डेंड्रिमर म्हणतात. ते सुंदर असतं, पण दर थराला थांबून साफसफाई करावी लागते, म्हणून महाग पडतं. शिट्टीवालं झाड एकाच भांड्यात, एका दमात होतं. मला तेच जास्त आवडतं. ते सहज विरघळतं, पातळ राहतं, म्हणून रंग-लेपात द्रावक कमी लागतं, आणि मोकळ्या टोकांवर हवं ते जोडता येतं. धाग्यासाठी मात्र ते कुचकामी. रेणू एकमेकांत गुंतत नाहीत, ताणलं की तुटतं.

काही पालक म्हणतील, "सर, हे चौथीत कशाला? आधी वाचन-लेखन पक्कं करा." वाचन हवंच, त्यात वाद नाही. पण वेचणीच्या दिवसांत आपल्या वर्गातली बाकं रिकामी दिसतात हे तुम्हीही जाणता. परतलेल्या पोराला सुटलेला धडा समजत नाही. या खेळात मात्र त्याला मागचं काही माहीत असावं लागत नाही, उलट कापूस हाताला कसा लागतो हे तोच इतरांना सांगू शकतो. त्याच्या घरी कापसाची गोष्ट भावापाशी सुरू होते आणि भावापाशीच संपते. शाळेतही कापसाविषयी त्याला 'नगदी पीक' एवढंच ऐकायला मिळावं का?

आणि हा विचार काही परका नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या कामातून शिकवावं हा नई तालीमचा आग्रह तिथूनच देशभर गेला. टकळी आता बहुतेक शाळांतून गेली, पण कापूस तर गेला नाही ना?

पुढच्या आठवड्यात करून बघा. लागेल एक शिट्टी, मूठभर कापूस आणि डिंकाचे चार खडे. डिंक आदल्या रात्री भिजवा, सकाळपर्यंत विरघळतो. आणि मुलांनी मोजलेले रिकामे खांदे किती भरले, ते खाली नक्की लिहा. बहुशिक्षकी शाळेवाल्यांनी दोन वर्ग एकत्र केले तर झाड आणखी मोठं होईल.