पिल्ले सोडायची कुठे?



क्लोनिंगनेच दुर्मीळ प्राणी वाचतील, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. रानम्हशीची क्लोन ‘दीपआशा’ २०१४ साली कर्नालला जन्मली. तेवढ्याने कळप वाढला नाही. अमेरिकेत १९८८ साली गोठवलेल्या पेशींतून काळ्या पायांचे फेरेट जन्मले, त्यातल्या एकीला २०२४ मध्ये पिल्लेही झाली, हे मान्य.

पण आमच्या मावळात पाहा. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात महसीर माशाच्या मादीचे पोट हलके दाबून पिवळसर अंडी काढतात, त्यांत नराचे वीर्य मिसळतात. माद्या अनेक, नर अनेक. त्यामुळे पिल्ले एका साच्याची नसतात. क्लोन मात्र एकाच साच्याचे, हीच तर मेख आहे!

आणि पिल्ले सोडायची कुठे? आळंदीला इंद्रायणीवर रसायनांचा फेस तरंगतो. तिथे क्लोन तरी कसा जगणार?

– एक वाचक, सुदुंबरे (ता. मावळ)