प्रयोगवहीपासून औषधापर्यंत

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक विलक्षण प्रकार घडला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा काही गावांतील माणसांचे केस एकाएकी गळू लागले आणि थोड्याच दिवसांत अनेकांना टक्कल पडले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला. आरोग्य खात्याची व भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके आली, नमुने घेतले गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी आपल्या तपासणीवरून रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियम हे कारण असल्याचे सांगितले.

अशा वेळी संशोधकाला सर्वांत आधी काय लागते? तुम्ही म्हणाल, सूक्ष्मदर्शक किंवा मोठी प्रयोगशाळा. पण त्याच्याही आधी लागते ती खरी नोंद. कोणाचे केस कोणत्या तारखेला गळू लागले? घरात गहू कोठून आला? हा नमुना कोणाचा आणि तो केव्हा घेतला? ही उत्तरे अंदाजाने लिहिली असतील, तर सर्वांत महागडे यंत्रही चुकीचेच उत्तर देईल.

औषधांच्या चाचणीत हे आणखी स्पष्ट दिसते. याच डॉ. बावसकरांनी महाडला विंचूदंशाच्या रुग्णांवर केलेल्या एका चाचणीचा अहवाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. ७० रुग्णांचे दोन सारखे गट केले होते. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. एका गटाला प्राझोसिन हे औषध दिले, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरील प्रतिविष अशी दोन्ही दिली. दहा तासांनंतर दुसऱ्या गटातील ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले होते, पहिल्या गटातील ३५ पैकी केवळ ८. आता विचार करा, औषध दिल्याची वेळ कोणी नंतर आठवून लिहिली असती, तर ‘दहा तास’ या शब्दांना काय अर्थ उरला असता?

ही चाचणी एका गावची. पुष्कळ चाचण्या एकाच वेळी अनेक रुग्णालयांत चालतात. रोटाव्हायरसविरुद्धच्या भारतीय लशीच्या चाचणीत दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील मिळून ६,७९९ बालके होती. इतक्या ठिकाणचे काम एकाच नियमाने होते की नाही, हे पाहण्यासाठी एक स्वतंत्र माणूस लागतो. त्याला ‘क्लिनिकल रिसर्च असोसिएट’ म्हणतात. आपण त्याला औषध-चाचणीचा तपासनीस म्हणू. तो रुग्णावर उपचार करीत नाही. तो ठराविक काळाने रुग्णालयात जातो, रुग्णाचे मूळ कागद आणि चाचणीच्या तक्त्यात भरलेले आकडे शेजारी ठेवून ताडून पाहतो, औषधांच्या बाटल्या मोजतो, ती योग्य तापमानात ठेवली होती का हे तपासतो. एखाद्या रुग्णाला गंभीर त्रास झाला, तर डॉक्टरांनी चोवीस तासांच्या आत तसे कळवले होते काय, हेही तो विचारतो.

मात्र माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम संमतिपत्र पाहण्याचे आहे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस देण्याचा एक प्रकल्प झाला. आंध्रात कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ठपका ठेवला. दोष लशीचा नव्हता, माणसाला न विचारण्याचा होता. ‘नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९’ हे आता अधिक कडक आहेत. पण कागदावरचा नियम गावातल्या आजीबाईंपर्यंत पोहोचवायला, तिला तिच्याच बोलीत ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ असे कोणी सांगितले का हे पाहायला, तिची भाषा समजणाराच माणूस हवा. ती भाषा मेहकर-मलकापूरच्या मुलामुलींना उपजतच येते.

या कामातली अडचणही सांगितली पाहिजे. तपासनिसाचा पगार बहुधा औषध कंपनीकडून किंवा तिने नेमलेल्या संस्थेकडून येतो, आणि त्याच कंपनीला ‘हे आकडे विश्वासार्ह नाहीत’ असे त्याला सांगावे लागते. प्रवास पुष्कळ असतो, कागद तर त्याहून पुष्कळ. ज्याला हे झेपेल त्यानेच या वाटेला जावे. बारावी विज्ञान शाखेनंतर औषधनिर्माणशास्त्र, जीवशास्त्र, परिचर्या किंवा वैद्यक यांपैकी पदवी घेतली की हा मार्ग खुला होतो. अनेक जण आधी एखाद्या रुग्णालयात संशोधन समन्वयक म्हणून काम शिकतात. पदवीऐवजी एखादे प्रमाणपत्र घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून मात्र सावध राहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले आहे. असे संशोधन उद्या आपल्या जिल्ह्यातही वाढावे, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

वैद्यकीयला प्रवेश मिळाला नाही म्हणून नाइलाजाने करायचे हे काम नव्हे. याचा पहिला धडा तुमच्या शाळेतच आहे. लंबकाचा प्रयोग करताना ‘जी’ची किंमत ९८० यावी म्हणून किती विद्यार्थी निरीक्षणे मागून जुळवतात? किती प्रयोगवह्या मित्राच्या वहीवरून उतरवल्या जातात? औषध-चाचणीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर एकच आडवी रेघ मारतात, जुना आकडा वाचता येईल असा ठेवतात, शेजारी खरा आकडा, तारीख आणि सही करतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे. ९८० ऐवजी ९५० आले आणि विद्यार्थ्याने ते तसेच लिहिले, तर त्याचे गुण कापू नका. फरक का पडला, एवढे त्याला विचारा. आणि मित्रांनो, उद्याच्या प्रयोगापासून तुम्हीही असेच लिहा. तुमच्या वहीतला ९५० चा आकडा आज कोणाचे काही बिघडवणार नाही. पण जुळवून लिहिण्याची सवय तुमच्याबरोबर रुग्णालयापर्यंत गेली, तर तिची किंमत एखाद्या रुग्णाला मोजावी लागेल.