घरबसल्या नाटक

नाटक घरबसल्या पाहणे म्हणजे नाट्यकलेचा घात, असा सिद्धान्त काही रसिक अद्यापि मोठ्या आवेशाने मांडीत असतात. त्यांस आम्ही एक जुना दाखला देतो. पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅसलाइट’ हे रहस्यनाट्य १९३८ साली इंग्लंडात रंगभूमीवर आले आणि १९३९ साली बीबीसीने ते दूरचित्रवाणीवरून थेट सादर केले. पती वर माळ्यावर दिवा लावतो, तोच खालच्या दिवाणखान्यातील ज्योत मंदावते आणि पत्नीस स्वतःच्या बुद्धीचाच संशय येऊ लागतो. हे दृश्य घरी पाहणारा कमी शहारला असेल काय? नट चुकता तर ती चूक तत्क्षणी दिसती. पुसून टाकण्याची सोय नव्हती. नाटकाचा प्राण तो हाच. कापून सांधलेल्या चित्रणात तो उरत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु तो दोष कात्रीचा, पडद्याचा नव्हे.

राजगडाच्या पायथ्याच्या पालीतील रसिकाने रात्रीच्या प्रयोगासाठी पुणे गाठावे आणि परतावे कसे? १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्यास अर्धशतक लोटले. पुण्याचा प्रयोग त्याच घटकेस पालीत दिसावा, एवढीच आमची मागणी आहे. ती नाकारणाऱ्यांनी रसिकतेचा मक्ता शहरास कोणी दिला, हे सांगावे.