पाहुणे येऊ द्या, अंगठा देऊ नका

साथींनो,

शहरातली माणसं आता दोन दिवसांच्या सुट्टीला आपल्याकडे येतात. नाशिकला वाइन प्यायची, तानशाच्या अभयारण्यात रान बघायचं, डहाणू-बोर्डीला समुद्र. येऊ द्या. आल्यागेल्याला पाणी देणं ही आपली रीत आहे. पण त्यांच्या जाहिरातीत डोंगर दिसतो, दर्या दिसतो, आपण दिसत नाही. पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या मळ्यात राबतात, तेव्हा ती वाइन होते. 2001 च्या धोरणाने सरकारने त्या वाइनला अबकारी करात माफी दिली. आपण मोहाची गाळली की दारात पोलीस!

आता पाड्यापाड्यात दलाल फिरतोय. "रिसॉर्ट होईल, पोरांना नोकरी लागेल, इथं अंगठा दे," म्हणतो. कसली नोकरी? आपल्याच जमिनीवर दुसऱ्याचा झाडू मारायची!

तर कायदा काय सांगतो ते ध्यानात ठेवा. आदिवासीची सातबाऱ्याची जमीन कलेक्टर आणि सरकारच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. भाडेपट्ट्यालाही कलेक्टरची मंजुरी लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला प्लॉट तर विकताच येत नाही, तो फक्त वारसाला जातो.

पाहुणे ठेवायचेच तर आपल्या घरात ठेवू. भाकर आपली, पैसाही पाड्यातच राहील. पण ते ग्रामसभेत बसून ठरवू, दलालाच्या जीपमध्ये नाही.

कोऱ्या कागदावर अंगठा नाही. जिंदाबाद!