मोठे मैदान आणि तालुक्याची वाट

मराठवाड्याचे विद्यापीठ देशातील आघाडीच्या क्रीडा-विद्यापीठांच्या पंक्तीस केव्हा बसणार, हा प्रश्न दर वर्षी स्पर्धांचे दिवस आले की विचारला जातो आणि स्पर्धा संपल्या की विसरलाही जातो. पैठणसारख्या तालुक्यातील मुलामुलींचे भवितव्य त्यात गुंतलेले असल्यामुळे त्याचा एकदा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत विद्यापीठे निरनिराळ्या क्रीडामंडळांत विभागलेली असतात आणि मोठ्या मंडळातील प्रवेश निमंत्रणाने मिळतो. 2024 साली पॅसिफिक किनाऱ्याकडचे स्टॅनफर्ड विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्याचे नाव मिरविणाऱ्या मंडळात दाखल झाले. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा जिकडे, तिकडे विद्यापीठांचा ओढा, असा तो व्यवहार आहे. आपल्याकडे सुदैवाने तशी स्थिती नाही. खेळाडूने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात यावे, संघाने पश्चिम विभागात झुंजावे, तेथून अखिल भारतीय स्पर्धा गाठावी आणि तेथे पहिल्या आठांत आल्यास ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेत उतरावे, अशी सांघिक खेळांची साधारण वाट आहे. या वाटेवर निमंत्रणाची प्रतीक्षा करावी लागत नाही. तसेच कोणी डावलल्याची सबबही सांगता येत नाही.

मग आघाडीवर आहे कोण? ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेचे विजेतेपद 2020 साली भुवनेश्वरला चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने, 2022 मध्ये बंगळूरला तेथीलच जैन विद्यापीठाने, 2023 मध्ये पुन्हा पंजाब विद्यापीठाने आणि 2024 मध्ये चंदीगड विद्यापीठाने मिळविले. मौलाना आझाद करंडकावर तर अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाचे नाव वीसहून अधिक वेळा कोरले गेले आहे. हे एका हंगामाचे फळ नव्हे. त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचे सातत्य आहे.

आपल्या पदरी काय आहे? 1958 साली स्थापन झालेले आणि 1994 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण केलेले हे विद्यापीठ आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांचे आहे. त्याच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. येथे व्हावयाचे क्रीडा विद्यापीठ पुण्याच्या बालेवाडीला गेले, याचे शल्य या भागाला आहे आणि ते रास्तही आहे. तथापि त्या शल्याला आम्ही आमच्या मागासलेपणाचे एकमेव कारण मानणार नाही.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या खेड्यातील अविनाश साबळे यांचे उदाहरण पाहा. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक आणि 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्यांच्यातील धावपटू हेरला आणि घडविला तो सैन्याने. विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रातले हे रत्न महाविद्यालयीन मैदानावर पारखले गेले नाही, हे आम्हांस अधिक विचार करावयास लावणारे वाटते.

नाथसागराचे पाणी पैठणला पडणाऱ्या पावसावर वाढत नाही. नाशिक-नगरकडचे ओढे-नाले भरून वाहिले तरच धरण भरते, हे पैठणकरांना सांगावयास नको. विद्यापीठाच्या संघाचेही तसेच आहे. फरक इतकाच की, येथे वरचा प्रदेश म्हणजे पैठण, गंगापूर, अंबड, आष्टी अशी तालुक्याची गावे. ओढे कोरडे असतील तर धरणाच्या भिंतीची उंची वाढवून काय होणार?

आम्ही कित्येक वर्षे शाळेत शिकविले आहे. चपळ, काटक मुले आम्ही डोळ्यांनी पाहिली आणि पुढे ती शेतात वा कारखान्यात हरवलेलीही पाहिली. तास संपल्यावर सरावास थांबावे तर गावाकडची शेवटची एस. टी. चुकते, मुलगी असेल तर घरचे थांबूच देत नाहीत. त्या मुलांत गुणांची उणीव नव्हती, सोयींची होती.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. सरावाचा वेळ वेळापत्रकातच धरावा. क्रीडासंचालकाचे पद कोणत्याही महाविद्यालयात रिकामे राहू देऊ नये. विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या क्रीडाशुल्काचा जमाखर्च दर वर्षी सूचनाफलकावर लावावा. विद्यापीठाने निवडीपूर्वीची शिबिरे आळीपाळीने तालुक्यांत भरवावीत आणि तेथे मुलींच्या निवासाची व्यवस्था आधी करावी. खेळापायी परीक्षा बुडाल्यास ती पुन्हा देण्याची सोय निःसंदिग्ध असावी.

यांपैकी एकाही गोष्टीला दिल्लीची परवानगी लागत नाही. मोठ्या मैदानाचे दार उघडे आहे. त्या दारापर्यंत तालुक्याच्या मुलाला आणि मुलीला चालत जाता येईल अशी वाट बांधणे, हे विद्यापीठाचे आणि महाविद्यालयांच्या चालकांचे काम आहे. ते त्यांनी येत्या हंगामापूर्वी हाती घ्यावे, एवढीच आमची मागणी आहे.